गंजलेला नट ताकदीने नव्हे, वेळेने सुटतो

मृगाच्या तोंडावर भातकुली तालुक्यातील कोणत्याही गावात हे दृश्य दिसू शकते. अंगणात मोटारसायकल डबल स्टँडवर उभी आहे. चेन सैल झाली आहे, ती कसायची आहे. काम वीस मिनिटांचे. त्यासाठी मागच्या चाकाच्या ॲक्सलचा नट फक्त थोडा ढिला करायचा आहे. पण नट जागचा हलत नाही. पाना एकदा सटकतो, दुसऱ्यांदा सटकतो आणि बोटांची सांधे चिमट्यावर आपटून सोलून निघतात. मग कोणीतरी पाण्याच्या पाइपचा तुकडा आणतो, तो पान्याच्या दांड्यावर चढवला जातो, दोघे मिळून जोर लावतात. ‘कट्ट’ असा आवाज येतो. नट सुटला असे क्षणभर वाटते. प्रत्यक्षात नटाचे कोपरे गोल झालेले असतात किंवा बोल्टच तुटलेला असतो. पेरणीच्या दिवसांत गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये जाते आणि हाताला पट्टी बांधावी लागते ती वेगळीच.

अडकलेला नट हा ताकदीचा प्रश्न आहे असे मानले की असेच होते. तो मुळात रसायनशास्त्राचा प्रश्न आहे. नट कशामुळे अडकला हे कळले तर तो कसा सोडवायचा हे कळते आणि हातपाय व डोळेही शाबूत राहतात.

खारपाण आणि गंज

भातकुलीत हा त्रास अधिक का, याचे उत्तर इथल्या जमिनीत आणि पाण्यात आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात हा भाग येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील आठशेहून अधिक गावे या पट्ट्यात आहेत. इथल्या विहिरी आणि बोअरचे पाणी खारे आहे. ते पिण्याला नको, ओलिताला नको, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. मात्र त्याच पाण्याने गाडी धुतली जाते, याकडे लक्ष जात नाही.

लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि प्राणवायू या दोन गोष्टी पुरेशा असतात. पण हे काम विजेच्या सूक्ष्म प्रवाहातून चालते. लोखंडाच्या एका भागातून कण सुटतात, दुसऱ्या भागाकडे इलेक्ट्रॉन वाहतात. पाण्यात क्षार असले की ते विजेचे चांगले वाहक बनते आणि ही देवघेव वेगाने होते. शिवाय क्षारांतील क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्रा फोडून आत शिरते. गाडी धुतल्यावर पाणी उडून जाते, क्षार मात्र आट्यांच्या फटीत राहतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येक स्वयंपाकघरात दिसते. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतला ओलावा ओढून स्वतःच ओले होते. आट्यांतले मीठही तेच करते. त्यामुळे पाऊस नसला तरी नट ओलाच राहतो.

त्यात काळ्या मातीची भर. ती मडगार्डखाली, चिमट्याच्या सांध्यात, ब्रेकच्या दांड्याभोवती चिकटून बसते आणि ओलावा दिवसेंदिवस धरून ठेवते. शेतात जाणाऱ्या गाडीवर खताच्या गोण्याही येतात. युरिया आणि पोटॅशची भुकटी हवेतले पाणी ओढते. पोटॅश म्हणून विकले जाणारे खत बहुतांशी पोटॅशियम क्लोराइड असते, म्हणजे मिठाचाच भाऊ.

हा अनुभव फक्त वऱ्हाडाचा नाही. कोकण किनाऱ्यावर समुद्राची खारी हवा हेच करते. अमेरिका आणि कॅनडाच्या थंड भागात राहणारी मराठी कुटुंबेही हिवाळा संपला की गाडीची खालची बाजू धुऊन घेतात, कारण तिथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकले जाते. ठिकाणे वेगळी, रसायन एकच.

नट नेमका अडकतो कशाने?

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. जेवढे लोखंड गंजते त्याच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा त्या गंजाला लागते. बोल्ट आणि नट यांच्या आट्यांमध्ये केसाएवढीही फट नसते. त्या फटीत गंज फुगला की तो पाचर मारल्यासारखा दोन्ही बाजूंना दाबतो. नट हलत नाही तो यामुळे.

मुळात व्यवस्थित कसलेल्या नटातही घर्षणाचा वाटा मोठा असतो. नट कसताना लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा भाग बोल्ट ताणून धरण्यासाठी उपयोगी पडतो. बाकीचा आट्यांतील आणि नटाखालील घर्षणात खर्च होतो. हे घर्षण गंजाने कितीतरी वाढते. अशा वेळी पान्यावर जोर वाढवत गेले तर आधी कोण हरेल, गंज की बोल्ट, याची खात्री नसते.

साधा हिशेब पाहा. वीस सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाशी तीस किलो वजनाएवढा जोर लावला तर नटावर सुमारे ६० न्यूटन-मीटर पीळ पडतो. पाइप चढवून हीच लांबी साठ सेंटिमीटर केली की पीळ १८० होतो. बारा-तेरा नंबरचा पाना लागणारा बोल्ट आट्यापाशी साधारण आठ मिलिमीटर जाड असतो. तो कसायला २०-२५ न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे अशा बोल्टवर पाइप चढवणे हा तो तोडण्याचा जवळजवळ खात्रीचा उपाय आहे.

प्रत्येक अडकलेला नट गंजलेलाच असतो असेही नाही. इंजिन ऑइल काढण्याचा तळाचा बोल्ट बहुधा आधीच्या वेळी गरजेपेक्षा जास्त कसलेला असतो. काही बोल्टांना कारखान्यातच आटे धरून ठेवणारा चिकट द्राव लावलेला असतो. ॲल्युमिनियमच्या इंजिन कव्हरमधील लोखंडी स्क्रूची कथा आणखी वेगळी. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की त्यांची छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी फटीत साचते. आणि कधी कधी नट अडकलेलाच नसतो, तो उलटा फिरवला जात असतो. सायकलचे डावे पॅडल हे त्याचे घरोघरचे उदाहरण. त्याचे आटे उलटे असतात. जोर लावण्याआधी दिशा पक्की केलेली बरी.

तेलाला वेळ लागतो, कारण फट अरुंद आहे

गंजलेल्या आट्यांत तेल सोडावे हे सर्वांना माहीत असते. चूक होते ती पुढे. तेल टाकले की लगेच पाना लावला जातो.

तेल आत जाते ते केशाकर्षणाने. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते तसे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये या प्रवासाचे गणित मांडले. अरुंद फटीत द्रव जितका खोल जातो, ते अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. सोप्या भाषेत सांगायचे तर दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. फट जितकी अरुंद आणि तेल जितके दाट, तितका वेळ आणखी वाढतो. म्हणूनच दाट इंजिन ऑइलपेक्षा पातळ तेल बरे. दुकानात मिळणारे गंज सोडवण्याचे स्प्रे यासाठीच पातळ असतात. त्यांतील सर्वांत परिचित डब्ल्यूडी-४० हे अमेरिकेत १९५३ मध्ये ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून तयार झाले. ‘पाणी हटवणारा, चाळिसावा प्रयत्न’ असा त्या नावाचा अर्थ आहे. स्प्रे नसेल तर डिझेलही आत शिरते, मात्र वेळ अधिक घेते.

रीत अशी. आधी तारेच्या ब्रशने बोल्टचे बाहेर आलेले आटे साफ करावेत, कारण सुटताना नटाला त्याच रस्त्याने यायचे आहे. मग तेल सोडावे, शक्यतो आदल्या संध्याकाळी. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा, सकाळी पुन्हा. मागच्या ॲक्सलवर तेल सोडताना ते ब्रेकच्या ड्रममध्ये किंवा डिस्कवर जाणार नाही हे पाहावे. ब्रेक लायनरला तेल लागले तर नट सुटेल, पण गाडी थांबणार नाही.

ठोका, मग थोडे कसा, मग सोडा

लोखंड चिवट आहे, गंज ठिसूळ. हा फरक कामाला येतो. सलग ओढण्याचा जोर दोघांवर सारखा पडतो. हातोडीचा छोटा ठोका मात्र ठिसूळ गंजाला तडे पाडतो आणि लोखंडाला फारसे काही होत नाही. त्या तड्यांतून तेल आत शिरते. म्हणून नटाच्या बाजूंवर हलक्या हाताने, फिरवून फिरवून ठोके द्यावेत. बोल्टच्या टोकावर थेट हातोडी मारू नये. टोक पसरले की नट त्यावरून कधीच बाहेर येत नाही.

पाना नटावर घट्ट बसणारा हवा. तोंड उघडा असलेला पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना किंवा सहा कोनांचा सॉकेट सर्व बाजूंनी धरतो. जुना, तोंड पसरलेला पाना कोपरे गोल करतो.

सुरुवातीला नट सोडण्याऐवजी किंचित कसण्याच्या दिशेने ढकलून पाहावा. गंजाचा थर फुटायला दिशा महत्त्वाची नसते, हालचाल महत्त्वाची असते. तो जरासा हलला की अर्धाच आटा मागे, पुन्हा थोडा पुढे, मध्ये तेल, असे करत आणावा. सैल होता होता पुन्हा जड वाटला तर जोर वाढवू नये. गंजाचा चुरा आट्यांत अडकलेला असतो. परत फिरवून तो मोकळा करावा.

आच देण्याचा मोह

गॅरेजमध्ये मिस्त्री नट तापवतो आणि तो सुटतो, हे अनेकांनी पाहिलेले असते. त्यामागचे विज्ञान खरे आहे. दहा मिलिमीटर व्यासाचा पोलादी नट २०० अंशांनी तापला तर त्याचे भोक सुमारे ०.०२४ मिलिमीटरने रुंदावते. हे केसाच्या जाडीच्या एक तृतीयांशाएवढे आहे, पण गंजाची पकड मोडायला तेवढे पुरते.

तरीही घरच्या अंगणात हा उपाय करू नये. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते आणि वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तर ती भरपूरच असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. नुकताच मारलेला स्प्रेही ज्वलनशील असतो. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बंद शॉकॲब्सॉर्बर तापवला तर आतला दाब वाढून तो फुटू शकतो. चकचकीत जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट फार तापला की जस्ताचा धूर निघतो. तो श्वासात गेला तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. ज्याच्याकडे टाकी उतरवून काम करण्याची सोय आणि सवय आहे, त्याच्याच हाती आच असावी.

हात, डोळे आणि धनुर्वात

पाना नेहमी आपल्याकडे ओढावा. ढकलताना तो सटकला तर शरीराचा सगळा भार मुठीवर येऊन आदळतो. जागाच अशी असेल की ढकलावेच लागते, तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकलावे, सांधे वाचतात. अंगठी आणि कडे काढून ठेवावे. बॅटरीच्या टोकांवरचा नट सोडताना आधी ऋण बाजू सोडावी. धन बाजूवरचा पाना गाडीच्या सांगाड्याला टेकला तर ठिणगी उडते, आणि मध्ये अंगठी आली तर ती क्षणात लाल होऊन बोट भाजते.

कारचे चाक बदलताना नट आधी ढिले करावेत, मग जॅक लावावा. अडकलेल्या नटावर जोर लावताना जॅकवरची गाडी घसरते, हे अपघाताचे मोठे कारण आहे. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून त्याखाली जाड लाकडी फळी ठेवावी आणि उरलेल्या चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये, एका मिनिटासाठीही नाही.

छिन्नी-हातोडी चालवताना किंवा तारेचा ब्रश फिरवताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. बुबुळावर लोखंडाचा कण रुतला तर काही तासांतच त्याभोवती गंजाचे वर्तुळ धरते. डोळा चोळू नये, रुमालाच्या टोकाने किंवा काडीने कण काढण्याचा प्रयत्न करू नये. वरवरचा कचरा असेल तर स्वच्छ पाण्याने धुवावा. तरीही टोचत राहिले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. हातोडी मारताना उडालेला कण मात्र वेगाने डोळ्याच्या आत शिरू शकतो. अशा वेळी दुखणे फार नसते आणि म्हणूनच ते अंगावर काढले जाते. नजर अंधूक झाली, बाहुलीचा आकार बदलला किंवा डोळ्यातून रक्त-पाणी आले तर डोळा न दाबता, न धुता, त्यावर कागदी कपासारखे झाकण ठेवून रुग्णालयात जावे. आत राहिलेले लोखंड कालांतराने दृष्टी घालवते. डोळ्यात लोखंड असल्याची शंका असेल तर ती डॉक्टरांना स्पष्ट सांगावी, कारण अशा रुग्णाचे एमआरआय करणे धोक्याचे असते.

गंजलेले लोखंड लागले की धनुर्वात होतो, हा समज अर्धाच खरा आहे. गंजात धनुर्वात नसतो. तो होतो मातीत आणि जनावरांच्या शेणात राहणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे. प्राणवायू न पोहोचणाऱ्या खोल जखमेत ते वाढतात. अंगणातल्या गाडीच्या नटाला माती आणि शेण दोन्ही लागलेले असते, म्हणून ही जखम धोक्याची. लक्षणे साधारण ३ ते २१ दिवसांत दिसतात. पहिल्यांदा बहुधा जबडा आवळतो. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. तिच्यावर ग्रीस, माती किंवा चुना लावू नये. शाळेत असताना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी लस दिली जाते, त्यानंतर बहुतेक मोठी माणसे ती विसरून जातात. मळलेल्या जखमेच्या वेळी शेवटच्या डोसला पाच वर्षांहून अधिक झाली असतील, किंवा लस कधी घेतली हे आठवतच नसेल, तर लगेच दवाखान्यात जाऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक गोष्ट लहान मुलांची. नट भिजवायला आणलेले डिझेल किंवा रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नये. मुलाने ते चुकून प्यायले तर उलटी करवू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसात जाते आणि खरा धोका तिथेच असतो. मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

कुठे थांबावे?

दोन दिवस तेल सोडूनही नट हलत नसेल, कोपरे गोल व्हायला लागले असतील किंवा बोल्ट फिरताना रबरासारखा लवचिक वाटू लागला असेल, तर तिथेच थांबावे. तो लवचिकपणा म्हणजे बोल्ट पिळून तुटण्याच्या बेतात असल्याची खूण असते. या टप्प्यावर मिस्त्री गोल झालेल्या नटावर दुसरा नट वेल्डिंगने जोडून तो बाहेर काढू शकतो. तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढणे हे त्याहून कितीतरी वेळखाऊ आणि महाग काम आहे. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकाच्या ॲक्सलचा खराब झालेला नट पुन्हा वापरू नये, नवा बसवावा.

आणि नट सुटला की काम संपत नाही. पुढच्या वेळी तो सुटेल की नाही, हे आज तो कसा बसवला यावर ठरते. आटे ब्रशने साफ करावेत, ग्रीसचा पातळ हात द्यावा, मग बोटांनी दोन-तीन फेरे फिरवूनच पाना लावावा. ग्रीस लावलेला नट त्याच जोराला अधिक कसला जातो, म्हणून हात थोडा आखडता घ्यावा. कारच्या चाकाचे नट मात्र कंपनीच्या पुस्तिकेत सांगितले नसेल तर कोरडेच बसवावेत. गाडी धुवायला बोअरचे खारे पाणी वापरावे लागलेच, तर शेवटची एक बादली नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या गोड्या पाण्याची असावी. धुतल्यावर गाडी लगेच उभी करून न ठेवता थोडी फिरवून आणावी, म्हणजे फटींतले पाणी निघून जाते.

खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याने जमिनीशी जबरदस्ती करता येत नाही, हे पिढ्यानपिढ्या ओळखले आहे. वाफसा येईपर्यंत तो थांबतो. नटाच्या बाबतीतही हाच हिशेब आहे. पेरणीच्या दिवशी सकाळी पाइप शोधण्यापेक्षा आठवडाभर आधी एका संध्याकाळी चार थेंब तेल सोडून ठेवलेले केव्हाही स्वस्त पडते.